पिठावरच्या अकरा ओळी

प्रिय निखिल आणि गौरी,

निखिल, तुझं पत्र मागच्या मंगळवारी मिळालं. शाळेत ‘माझ्या घराण्यातला हीरो’ असा प्रोजेक्ट आहे, आणि त्यासाठी आजोबांच्या मेडलचा फोटो, मेडलबरोबर आलेल्या इंग्रजी कागदाची नक्कल आणि ‘आजीच्या शब्दांत दोन पानं’ तुला हवी आहेत. फोटो आणि नक्कल याच पाकिटात आहेत. दोन पानं मात्र मी लिहू शकत नाही. तशी दोन पानं मी आयुष्यात एकदा लिहिली. पुन्हा लिहिणार नाही.

त्याऐवजी हे पत्र. ते शाळेत दाखवू नकोस... किंवा दाखव. सोळा वर्षांचा झालास, तुझं तू ठरव. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. तुमच्या बाबापेक्षा माझं इंग्रजी बरं आहे. पण इंग्रजीत ही हकीकत आधीच लिहिलेली आहे, त्या मेडलच्या कागदावर, आणि तिथे ती खोटी आहे. म्हणून मराठीत लिहिते. बाबाला शेजारी बसवून वाचा. त्यालाही यातलं काही माहीत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भूतखेत, आत्मा, पुनर्जन्म यांवर माझा कधीही विश्वास नव्हता. मी नागपुरात मिशनच्या शाळेत शिकले, कॉलेजात गेले, आणि लग्नानंतर पवनीच्या हायस्कुलात पंचवीस वर्षं गणित आणि इंग्रजी शिकवलं. आमच्या आसगावच्या बायका तळ्याच्या काठी काय काय दिसतं ते सांगायच्या, तेव्हा मी त्यांना विचारायची, ‘किती वाजता? कोणी पाहिलं? आणखी कोण होतं तिथे?’ तिसऱ्या प्रश्नाला भूत पळून जायचं. सासूबाई म्हणायच्या, “हिच्या पुढं तं देवबी नाई टिकाचा.” तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता क्रमाने सांगते.

आसगाव पवनी तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात आहे. घर तुम्ही पाहिलं आहे, पण उन्हाळ्यात पाहिलं आहे. पावसाळ्यात ते वेगळं दिसतं. मागे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि तिच्या खाली आमच्या धानाच्या बांध्या. चारी बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातलेल्या शेताच्या एका चौकोनाला बांधी म्हणतात. आषाढात बांधीत घोट्याच्या वर पाणी भरतं आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू होतो. एका जागी दाट वाढवलेली धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटून आणायचे आणि चिखलात एकेक करून लावायचे. बायका ओळीने उभ्या राहतात, कमरेत वाकतात, आणि अंगठा नि दोन बोटांनी पऱ्हे दाबत दाबत मागे सरकतात. रोवणारी बाई कधीच पुढे जात नाही, नाहीतर स्वतःच लावलेलं तुडवेल. दिवसभर ती उलट्या पावलांनी चालते. हे नीट लक्षात ठेवा.

आजोबा इंटर पास होऊन विमानदलात गेले, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात ते होते. विमानात माणसं दोनच, पुढे पायलट आणि मागे हे. नकाशा, वायरलेस आणि मागची मशीनगन ही यांची कामं. आणखी एक काम होतं. बॉम्ब टाकताना ते विमान जवळजवळ नाकावर उभं राहून खाली झेप घेई. पायलटची नजर लक्ष्यावरून हलता कामा नये, म्हणून उंचीचा काटा मागचा माणूस वाचे आणि मोठ्यांदा सांगे. दहा हजार फूट. आठ. सहा. ठरलेला आकडा ऐकला की पायलट बॉम्ब सोडी आणि विमान वर ओढी. नंतर मागचा माणूस खुर्ची फिरवून शेपटीकडे तोंड करून बसे, आणि बॉम्ब कुठे पडले ते पाही. निकाल त्यालाच दिसे.

मेडलच्या कागदात लिहिलं आहे की शत्रूच्या मोक्याच्या पुलावर हल्ला यशस्वी झाला, त्यात पायलट जबर जखमी झाला, आणि या शूर तरुणाने मागच्या खुर्चीजवळच्या सुकाणूच्या दांड्याने विमान एकट्याने चालवत परत आणून उतरवलं. यातली शेवटची गोष्ट खरी आहे.

सेहेचाळीस साली ते मेडल घेऊन घरी आले. तेव्हा गावाला त्याची लाज वाटली. ‘इंग्रजाचा चाकर’, हे शब्द मी नवी नवरी असताना विहिरीवर ऐकले. झेंडावंदनाला गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना बोलावणं यायचं, आमच्या घराला नाही. पंचवीस वर्षं नाही. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी मात्र दर पंधरा ऑगस्टला मनातल्या मनात त्या गावाला शिव्या दिल्या आहेत... इंग्रजीतून.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं. रेडिओवर विमानांच्या बातम्या सुरू झाल्या आणि जानेवारीत सरपंच चपला ओसरीखाली काढून आत आले.

“बाई, आमच्या गावात विमानवाला बहाद्दर बसून हाये, अन् आमाले पत्ताच नाई!”

“पत्ता होता तुम्हाला,” मी म्हटलं. “पंचवीस वर्षं होता.”

“जाऊ द्या न जी जुनं.” ते हसले. “सव्वीस जानेवारीले शाळेच्या मैदानावर सत्कार ठेवून राहिलो. सायेबाले चार शब्द बोलाले लावा. अन् मेडल लावून या म्हणा. असं, छातीवर. लोकायले दिसलं पायजे.”

आजोबा कोपऱ्यात बसून सुतळी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, “बोलतो.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. मी त्याच संध्याकाळी ट्रंकेतून त्यांचा कोट काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तर त्यांनी माझ्या हातात वहीचं एक पान ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेलं. “हे बोलतो म्हणतो. तू शुद्धलेखन पाह्य.”

मी चार ओळी वाचल्या आणि खाली बसले. उरलेलं त्यांनी तोंडानेच सांगितलं. ओसरीवर ऊन होतं, समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या. ते घरात आमच्यासारखं बोलत नसत, गावासारखंच बोलत. जसं सांगितलं तसंच लिहिते.

“पूल होता. पुलाजवळच्या झाडीत जपान्यायचं सामान. आमी वरून सूर मारला. मी आठ सांगितले, सहा सांगितले. मंग पुलाच्या पलीकडं मले बांधी दिसली. पावसाची उघाड होती, पाणी चमकून राहिलं होतं. अन् बायायची लाइन. रोवणा चालू होता. चेहरा नाई दिसत तेवढ्या वरून. पण रोवण्याची लाइन आपल्या माणसाले कितीकबी वरून दिसते. मी लहानाचा मोठा तेच पाहून झालो न... माहा आवाज बंद झाला. चार हजार म्हणाचं होतं, तीन म्हणाचं होतं. काटा दिसून राहिला, अन् तोंडातून शब्द नाई.”

“मग?”

“मंग काय? तो पोरगा वाट पाहत राहिला. पंजाबातला होता, चोवीस वर्साचा. त्याचा भरवसा होता माह्यावर. जमीन एकदम जवळ आली तसं त्यानं घाबरून ओढलं, अन् ओढता ओढता बॉम्ब सुटले. तसे सुटले का समोर फेकल्या जाते. पुलाच्या पार. मी बोललो असतो, तं पुलावर पडले असते.”

मी हातातलं पान मांडीवर पालथं ठेवलं.

“खुर्ची फिरवली. पाहाचं कामच होतं माहं. लाइन नव्हती. आमी लय खाली होतो, तिथून बंदुका लागल्या, त्याले लागल्या. विमान मी आणलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं जीव सोडला. ऑफिसरनं मले विचारलं, निकाल काय? मी म्हटलं, पुलावर. बस. त्याचं हे मेडल.”

मग ते जे म्हणाले ते मला अजून रात्रंदिवस ऐकू येतं. “किती होत्या, ते नाई आठवत. लाइन आठवते. आकडा नाई. आकडे सांगाचंच काम होतं माहं... अन् तोच नाई.”

मी विचारलं, “आणि हे तुम्ही सगळ्या गावासमोर वाचणार?”

“मले एकदाच सांगू दे. गावात रोवणा न केलेली एक बाई नाई. त्यायच्यासमोर सांगतो. मंग ते काय म्हणाचं ते म्हणू दे.”

मुलांनो, माझी कारणं ऐका. तुमच्या आत्याचं लग्न ठरत होतं. तुमच्या बाबाचा परदेशी शिक्षणाचा अर्ज गेला होता, त्यात मी ‘वडील: युद्धातील शौर्यपदक विजेते’ असं टाइप करून पाठवलं होतं. पंचवीस वर्षांनी गाव आमच्या ओसरीवर आलं होतं. ही सगळी कारणं मी त्यांना एक, दोन, तीन करून सांगितली, वर्गात सांगावीत तशी. आणि शेवटी म्हटलं, “त्या बाया आता परत येणार नाहीत.”

ते पान मी त्यांच्यासमोर चुलीत घातलं. रात्रीपर्यंत बसून नवीन दोन पानं लिहिली. सुवाच्य, शाईने. त्यात मातृभूमी होती, निळं आकाश होतं, कर्तव्य तीनदा होतं.

सव्वीस तारखेला त्यांनी ती दोन पानं वाचली. जशीच्या तशी, एकही शब्द न गाळता, काटा वाचावा तशा आवाजात. टाळ्या झाल्या. सरपंचांनी झेंडूचा हार घातला तो मेडलमध्ये अडकला, तो सोडवताना लोक हसले. घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, “चांगलं लिहिलं होतंस. एकबी चूक नाई.”

त्यानंतर आम्ही सात वर्षं एकत्र राहिलो. भांडण नव्हतं. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. ते बोलतच नव्हते, दोष कुठून देणार?

रोवण्याच्या दिवसांत मात्र ते रोज धुऱ्यावर जाऊन उभे राहत. लोकांना वाटे मालक देखरेख करतो आहे. ते बाया मोजत. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. बोट उचलून, ओठ हलवत. आणि मग मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या रोवण्याच्या टोळीची पुढारी फुलाबाई होती. उंच, काळी, कुणालाही न भिणारी. ती पाण्यातूनच ओरडायची, “काहून मोजून राहिले जी सायेब? आमी का बकऱ्या आहोत, सांजच्याले कोंडाले?” सगळ्या बाया खिदळायच्या. ते एकदा एवढंच म्हणाले, “तुमी तेरा आहात, फुलाबाई. चौदा असतील का?” ती म्हणाली, “अजून एक धरली तं पोटात हाये, त्या कोपऱ्यातलीच्या!” पुन्हा हशा. ते हसले नाहीत. मी त्या दिवशी भाकरी घेऊन गेले होते, धुऱ्यावर उभी होते. मला कळलं ते कसला आकडा शोधत आहेत. मी डबा ठेवून परत आले.

एकोणऐंशी सालच्या आषाढात छातीचं दुखणं उलटलं. पुढच्या खोलीत, मातीच्या जमिनीवर चटई टाकून त्यांना निजवलं होतं, खाटेवर जीव घाबरतो म्हणत होते. शेवटच्या दिवशी दुपारी घरात मी एकटी होते. बाहेर रोवणा चालू होता, गाणं ऐकू येत होतं. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ विचारलं, “किती होत्या?”

मी म्हटलं, “झोपा आता.”

दिवस मावळायच्या आत ते गेले.

आता जे लिहिते आहे ते आधी कुणालाच लिहिलेलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. माणूस जिथे गेला त्या जागी, दहाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तांदळाचं पीठ चाळून पसरतात, बाजूला दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात आणि खोली बंद करतात. सकाळी टोपली उचलून पाहतात पिठात कसला ठसा उमटला. पक्ष्याचा पाय, गाईचं खूर, लहान बाळाचं पाऊल. त्यावरून म्हणे कळतं की माणूस कुठल्या जन्माला गेला. मी आयुष्यभर या प्रकाराला हसले. झुरळं आणि पाली किती जणांचे पुनर्जन्म ठरवतात, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगत असे. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता. म्हणून मी नाही म्हटलं नाही. पण सगळं स्वतःच्या हाताने केलं, गंमत होऊ नये म्हणून. त्याच सकाळी जमीन सारवली होती, ती कोरडी ठणठणीत होती. दीड हात लांब, दीड हात रुंद पीठ पसरून हाताने सपाट केलं. धान ठेवायची मोठी टोपली पालथी घातली आणि तिच्या कडेने विटा लावल्या. खिडकीला आतून कडी घातली. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

सकाळी उजाडल्यावर कुलूप मी उघडलं. बरोबर सासूबाई आणि फुलाबाई होत्या. फुलाबाई त्या दिवशी कामाला न जाता मुद्दाम आली होती. विटा जागच्या जागी होत्या. टोपली मीच उचलली.

पिठात खळगे होते. लहान लहान, दोन-दोन बोटांच्या अंतरावर, आणि सगळे ओळीत. प्रत्येक खळग्यात तीन ठसे, एका बाजूला अंगठ्याचा नि दुसऱ्या बाजूला दोन बोटांचे. पीठ बाकी सपाट, माझा हात फिरला होता तसंच. आणि खळग्यांच्या तळाशी पीठ ओलं होतं. चिकट, कणकेसारखं.

सासूबाई तिथेच बसल्या आणि हात जोडून रडायला लागल्या. पण आनंदाने. “माहा लेक धानात गेला वं, धानात! शेतकऱ्याच्या घरी जन्माले येते आता.”

फुलाबाई वाकली. ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली, बांधी पाहावी तशी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग म्हणाली, “नाई जी, बुढीमाय. हे सायेबाचं नाई. हा बायायचा हात हाये.”

“कोणाचा?” मी विचारलं.

“मले का मालूम? आपल्या गावच्या नाईत. आपल्या समद्यायचे हात वळखतो मी. अन् एकीचं काम नाई, बाई. हरेक लाइनीचा हात येगळा हाये. पहा न.” तिने बोट पिठाला न लावता वरूनच दाखवलं. “ही दमदार बाई हाये, सारखं दाबते. ही डाव्या हाताची. ही म्हातारी हाये, वरवर लावते, खोल जात नाई तिचा. अन् ही कडेची... ही नवीन पोरगी हाये, बारीक बोटं. घाबरून लय खोल गाडते, पहा.” तिने ओळी मोजल्या. ओठ हलवत, बोट उचलून. “अकरा. अकरा बाया हायेत.”

मी स्वतः पुन्हा मोजल्या. अकराच.

फुलाबाई अजून पिठाकडेच पाहत होती. तिला काहीतरी खटकलं होतं, ते तिच्या कामातलं होतं आणि म्हणून तिला सोडवत नव्हतं. “बाई, पण ह्या अशा काहून थांबल्या? समद्या एकाच ठिकाणी. पहा, इथून पुढं कोरं हाये. आंगात ताप असला तरी बाई हातातले पऱ्हे लावूनच उठते, अर्ध्यात नाई सोडत. अन् अकराच्या अकरा एकाच वख्ती? कायले उठल्या असतील?”

मुलांनो, त्या क्षणी मी सांगू शकले असते. त्या खोलीत गावातली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीने सगळं आयुष्य रोवण्यात घातलं होतं. त्यांना जिच्यासमोर सांगायचं होतं तीच ती. माझ्याजवळ होतं ते उत्तर जगात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं.

मी म्हटलं, “उंदीर असतील.”

फुलाबाईने माझ्याकडे पाहिलं. “उंदीर लाइनीत नाई चालत जी,” ती म्हणाली, आणि पदर सावरून बाहेर गेली.

ते पीठ सासूबाईंनी रीतीप्रमाणे गोळा करून बोडीत सोडायला नेलं. मी एकटीच खोलीत राहिले, आणि माझ्या सवयीप्रमाणे तपासत बसले. छप्पर गळत नव्हतं, त्या रात्री पाऊसच नव्हता. जमिनीतून ओल यावी तर ती सगळीकडे येईल, खळग्यापुरती येणार नाही. उंदराचं बीळ नव्हतं. कुणी आत आलं असेल म्हणावं तर कुलूप तुटलेलं नव्हतं, विटा हललेल्या नव्हत्या, आणि यायचं कारण ज्याला माहीत असेल असं माणूस या जगात माझ्याशिवाय नव्हतं. मीच झोपेत उठून केलं असेल? हाही विचार मी केला. मी रोवणा कधी केलेला नाही. मी शहरातली. अकरा बायांचे अकरा हात मला कुठून येणार? पवनीला एका डॉक्टरांना, मैत्रिणीची म्हणून, ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, शोकात माणसाला काहीही दिसतं. शोक मला झाला होता. पण फुलाबाईला कसला शोक होता?

त्यांनी पस्तीस वर्षं तो आकडा शोधला. तो माझ्या घरात आला, माझ्या पुढ्यात मोजला गेला, आणि ते नऊ दिवस आधीच गेले होते. मी त्यांना ‘झोपा’ म्हटल्यावर. कुणी येऊन त्यांना सांगायचंच होतं तर नऊ दिवस आधी का नाही आलं? की त्या त्यांच्यासाठी आल्याच नव्हत्या? या प्रश्नावर मी गेली तेरा वर्षं काढली आहेत. एकदा दार लावून मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणाले, “अकरा.” काही झालं नाही. बाहेर कोंबडी ओरडली तेवढंच.

लोक अशा अनुभवांबद्दल लिहितात तेव्हा शेवटी म्हणतात, तेव्हापासून माझा विश्वास बसला. माझा बसलेला नाही. देवावर नाही, पुनर्जन्मावर नाही, आणि मेडलवर तर नाहीच. त्या अकराजणींची नावं कुठल्या भाषेत होती तेही मला माहीत नाही. जे घडलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. निखिल, तुला सापडलं तर मला कळव, पण घाईने कळवू नकोस.

एक गोष्ट राहिली. पीठ उचलल्यावर खालच्या मातीच्या जमिनीतही तेच खळगे होते. मी स्वतः दोनदा जाड सारवण केलं. वाळल्यावर खळगे होते तिथेच होते. सासूबाई गेल्या, पुढे फुलाबाईही गेली, तिला मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. चौऱ्याऐंशी साली घरभर फरशी घातली, तेव्हा पुढच्या खोलीतला एक तुकडा मी तसाच ठेवायला लावला. गवंड्याने कारण विचारलं नाही. त्यावर मी पेटी ठेवते, म्हणून तुम्हाला तो दिसला नसेल.

दीड हात जमीन मातीची आहे. तिच्यात अकरा ओळी आहेत.

— तुमची आजी